मॉर्फोलिनो टोचला की परिणाम दिसतो, म्यूटंट मात्र धडधाकट: विश्वास कोणावर ठेवायचा?

जलपेशी (धागाकर्ता)

झेब्राफिशवर काम करणाऱ्या सगळ्यांपुढे कधी ना कधी येणारा प्रश्न मांडतो. विस्तृत उत्तरं आली तर नव्यांनाही उपयोग होईल.

एक जनुक घ्या. त्याच्या स्टार्ट कोडॉनवर (आरएनएवरून प्रथिन बनणं, म्हणजे भाषांतर, जिथे सुरू होतं ती जागा) बसणारा, भाषांतर रोखणारा मॉर्फोलिनो (आरएनएला चिकटणारा छोटा कृत्रिम रेणू) एकपेशी टप्प्यात ४ नॅनोग्रॅम टोचला. ४८ तासांनी हृदयाभोवती पाणी, डोळे लहान, शेपटी वाकडी. त्याच जनुकाचा क्रिस्परने केलेला म्यूटंट (डीएनएतच जनुक बिघडवलेला मासा) आहे. दुसऱ्या एक्झॉनमध्ये (अंतिम आरएनएत राहणारा जनुकाचा तुकडा) ७ बेसची गळती, पुढे लगेच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन तिथेच संपायला हवं. दोन्ही प्रती बिघडलेले भ्रूण व्यवस्थित पोहतात, मोठे होतात, अंडीही देतात.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. यातलं खरं काय ते कोणत्या प्रयोगाने ठरतं? भाषांतर रोखणाऱ्यापेक्षा स्प्लायसिंग (आरएनएतले मधले तुकडे, इन्ट्रॉन, काढून एक्झॉन जोडणं) अडवणारा मॉर्फोलिनो जास्त भरवशाचा का? आणि पहिल्याच पिढीतले क्रिस्पंट (क्रिस्पर टोचून थेट तपासलेले भ्रूण) किंवा आरएनए कापणारं कॅस१३ हाताशी असताना मॉर्फोलिनोचा नाद सोडूनच द्यावा का?

काचसुई

तुम्ही दिलेली तिन्ही लक्षणं परत वाचा. हृदयाभोवती पाणी, लहान डोळे, वाकडी शेपटी. कुठलाही मॉर्फोलिनो जास्त झाला की हेच त्रिकूट दिसतं. त्यामुळे जनुकाकडे जाण्याआधी मात्रा तपासा.

२५ बेसच्या मॉर्फोलिनोचा रेणुभार साधारण ८,४०० असतो. म्हणजे १ मिलीमोलर द्रावणाच्या १ नॅनोलिटरमध्ये ८.४ नॅनोग्रॅम. ४ नॅनोग्रॅम हवे तर सुईत जवळपास ०.४८ मिलीमोलर द्रावण हवं आणि थेंब खरोखर १ नॅनोलिटरचा हवा. गोची इथेच होते. थेंब खनिज तेलात सोडून मायक्रोमीटरच्या पट्टीवर मोजायचा. व्यास ०.१२४ मिमी असेल तर १ नॅनोलिटर. ०.१० मिमी म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त. ०.१५ मिमी म्हणजे १.७७ नॅनोलिटर. आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं, त्यामुळे डोळ्याला 'जरासा मोठा' वाटणारा थेंब मात्रा पावणेदोनपट करून बसतो. सुईचं टोक तुटलं, तुंबलं, चिमट्याने पुन्हा कापलं की प्रत्येक वेळी थेंब नव्याने मोजा. सकाळी एकदा मोजून दिवसभर टोचत बसलात तर शेवटच्या डिशमधली मात्रा काय होती हे कोणालाच सांगता येणार नाही.

मग ०.५, १, २, ४ आणि ८ नॅनोग्रॅम अशी उतरंड लावा, सगळी अंडी एकाच जोडीची. जनुकाशी जोडलेला परिणाम साधारणपणे कमी मात्रेत सौम्य रूपात दिसू लागतो आणि चढत जातो. २ ला काही नाही आणि ४ ला एकदम सगळे सुजलेले, असा कडा दिसला तर विषारीपणाचा संशय घ्यावा.

एकपेशी

पी५३ (ताण आला की पेशीमरण घडवणारं प्रथिन) दाबणारा मॉर्फोलिनो सोबत टोचून पाहिलाय का?

उलटतपासणी

एकपेशी, हा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण त्याचा अर्थ नीट धरला जात नाही.

२००७ साली रोबू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही मॉर्फोलिनो भलत्याच ठिकाणी परिणाम करून पी५३ जागं करतात आणि मुख्यतः मज्जासंस्थेतल्या पेशी मरतात. पी५३ चा मॉर्फोलिनो, साधारण मूळ मात्रेच्या दीडपट, सोबत दिला की ते पेशीमरण थांबतं. इथवर ठीक. पण त्यातून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात. पहिला: 'पी५३ दाबल्यावरही परिणाम उरला, म्हणजे तो जनुकाचाच.' तसं नाही, भलतीकडचे सगळेच परिणाम पी५३ मार्गे जात नाहीत. दुसरा: 'पी५३ दाबल्यावर परिणाम गेला, म्हणजे तो खोटा होता.' हेही नाही, कारण काही जनुकं खरोखर गेली तरी पेशी पी५३ मार्गानेच मरतात. शिवाय दोन मॉर्फोलिनो एकत्र दिले की भ्रूणावर एकूण रसायनाचा बोजा वाढतो, आणि तुमचा कंट्रोल त्या एकूण बोजाचा असायला हवा.

त्यापेक्षा पी५३ चा म्यूटंट वाण वापरा, एम२१४के हा सर्रास वापरला जातो. आणि टोचलेल्या भ्रूणांत डेल्टा११३ पी५३ हा आखूड प्रकार आरटी-पीसीआरने (आरएनएचा डीएनए करून तो वाढवण्याची पद्धत) मोजा. तो चढलेला दिसला तर मॉर्फोलिनोने धोक्याची घंटा वाजवलेली आहे. सोबत इंटरफेरॉनच्या इशाऱ्यावर चढणारी जनुकं, उदाहरणार्थ आयएसजी१५, तीही पाहा. मॉर्फोलिनोमुळे ती चढतात हे झेब्राफिशमध्ये दाखवलं गेलं आहे.

काचसुई

उलटतपासणी यांच्याशी पूर्ण सहमत. एकच भर. लहान डोळ्यांबाबत निष्कर्ष काढण्याआधी वाढीचा टप्पा बघा. टोचलेले भ्रूण बहुतेकदा मागे पडतात. घड्याळात ४८ तास झाले तरी भ्रूण ४० तासांच्या टप्प्यावर असेल तर त्याचा डोळा लहान असणारच. २४ तासांच्या आत सोमाइट (पाठीलगतचे स्नायूंचे खंड) मोजा, नंतर डोकं आणि धड यांच्यातला कोन बघा, आणि तुलना त्याच टप्प्यावरच्या न टोचलेल्या भावंडांशी करा. किमेल आणि सहकाऱ्यांची १९९५ ची टप्प्यांची मांडणी यासाठी अजूनही प्रमाण मानली जाते. २८.५ अंश सेल्सिअसला धरलेली आहे. इन्क्युबेटर २६ वर असेल तर सगळं वेळापत्रक मागे जातं.

बलक

तुम्ही दोघं मॉर्फोलिनोलाच आरोपी धरून चालला आहात. म्यूटंटला कोण तपासणार?

ईजीएफएल७ या जनुकाचं उदाहरण आठवा. २०१५ मध्ये रोसी आणि सहकाऱ्यांनी, स्टेनियर यांच्या गटाने, दाखवलं की मॉर्फोलिनोने रक्तवाहिन्या बिघडतात पण म्यूटंट बहुतांशी ठीक असतात. मग त्यांनी म्यूटंटलाच तो मॉर्फोलिनो टोचला. तिथे त्याचा परिणाम फारच थोडा. मॉर्फोलिनो विषारी असता तर म्यूटंटही तितकाच आजारी पडायला हवा होता. म्यूटंटमध्ये एमिलिन कुटुंबातली जनुकं चढलेली सापडली, नॉकडाउन केलेल्या, म्हणजे मॉर्फोलिनोने जनुक दाबलेल्या, भ्रूणांत ती चढलेली नव्हती. भरपाई झाली होती.

२०१९ मध्ये दोन गटांनी यामागची यंत्रणा दाखवली. अकाली स्टॉप कोडॉन असलेला एम-आरएनए पेशी मोडून टाकते, आणि त्या मोडतोडीतूनच सारख्या क्रमाच्या भाईबंद जनुकांचं लेखन (डीएनएवरून आरएनए बनणं) वाढतं. लेखनाला चालना देणारं कॉम्पास संकुल आणि सदोष आरएनए मोडण्यात भाग घेणारी यूपीएफ कुटुंबातली प्रथिनं यात गुंतलेली आहेत. मॉर्फोलिनो एम-आरएनएवर नुसता बसून राहतो, तो मोडत नाही, म्हणून तिथे भरपाई सुरू होत नाही.

जलपेशी, तुमचा म्यूटंट म्हणजे ७ बेसची गळती आणि पुढे अकाली स्टॉप. भरपाईला अगदी पोषक.

उलटतपासणी

बलक, यंत्रणा खरी आहे, पण 'भरपाई झाली असेल' हे वाक्य आता ढालीसारखं वापरलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. २०१५ मध्येच कॉक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेले मॉर्फोलिनोचे परिणाम म्यूटंटशी ताडून पाहिले, तर जवळपास ८० टक्के परिणाम म्यूटंटमध्ये दिसले नाहीत. ती सगळी भरपाई आहे असं मानायला पुरावा लागतो. भरपाई म्हणायची असेल तर ती दाखवायची: कोणतं जनुक चढलं ते क्यूपीसीआरने (आरएनएचं प्रमाण मोजणारी पीसीआर), आणि ते चढलेलं जनुक दाबल्यावर म्यूटंट आजारी पडतो का ते. त्याहून चांगलं म्हणजे प्रमोटरच (जनुकाचं लेखन सुरू करणारा भाग) उडवून एम-आरएनए मुळातच न बनवणारा दुसरा म्यूटंट करा. मोडायला आरएनएच नाही, तर भरपाईचा इशाराही नाही. त्यात मॉर्फोलिनोसारखा परिणाम उगवला तर मी पहिला मान्य करेन.

तिरकीरेघ

आणखी एक शक्यता दोघांच्याही हिशोबात नाही: म्यूटंट पुरता निकामीच नसेल. दुसऱ्या एक्झॉनची लांबी बघा. तिला ३ ने पूर्ण भाग जात असेल तर पेशी तो एक्झॉन गाळून चौकट (तीन-तीन बेस वाचण्याचा क्रम) शाबूत ठेवू शकते, आणि थोडं आखूड पण काम करणारं प्रथिन बनतं. क्रिस्परच्या छोट्या गळतीमुळे असे अनपेक्षित आरएनए तयार होतात आणि मोडतोडीतून निसटतात हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं आहे. गळतीच्या पुढे जवळच दुसरा एटीजी (स्टार्ट कोडॉनचा क्रम) असेल तर तिथूनही भाषांतर सुरू होऊ शकतं.

तपासणी सोपी आहे. म्यूटंट भ्रूणांचा आरएनए काढा, पहिल्या एक्झॉनमध्ये एक प्राइमर आणि चौथ्यात दुसरा, जे पट्टे येतील ते सगळे सिक्वेन्स करा. फक्त डीएनएवर ७ बेस गेलेले दिसले म्हणून जनुक गेलं असं धरू नका. आणि माशांच्या पूर्वजांत संपूर्ण जीनोम एकदा दुप्पट झाला होता, म्हणून 'ए' आणि 'बी' अशी जुळी प्रत आहे का तेही पाहा.

काचसुई

आता जलपेशींच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर. बलक यांनी सांगितलेला प्रयोग घरच्या घरी करता येतो: म्यूटंटला मॉर्फोलिनो टोचणे.

एक बिघडलेली प्रत असलेले नर-मादी सोडा. सगळ्या अंड्यांना एकच मात्रा, साधारण १०० अंडी. ४८ तासांनी जनुकाचा प्रकार न बघता दोन ढीग करा, आजारी आणि ठीक. मग प्रत्येक भ्रूण वेगळ्या नळीत, ५० मिलीमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ९५ अंशांवर २० मिनिटं, थंड करून एक दशांश आकारमानाचं ट्रिस, पीएच ८, आणि पीसीआर. १०० ते १५० बेसचा तुकडा वाढवला तर ७ बेसचा फरक ३ टक्के अ‍ॅगरोजवर दिसतो, शिवाय हेटरोझायगसमध्ये (एकच प्रत बिघडलेले) वर एक अडकलेला पट्टा येतो.

मॉर्फोलिनो विषारी असेल तर दोन्ही ढिगांत १:२:१ (सामान्य, एक प्रत बिघडलेले, दोन्ही बिघडलेले) असंच प्रमाण मिळेल. परिणाम जनुकाचा असेल आणि म्यूटंट भरपाईने सावरलेला असेल तर तो एक चतुर्थांश गट 'ठीक' ढिगात गोळा होईल. हेटरोझायगस मधेच कुठेतरी असू शकतात, कारण एका बिघडलेल्या प्रतीनेही थोडी भरपाई सुरू होऊ शकते.

मातृधन

काचसुई, मांडणी छान आहे, पण यात एक मोठी फट आहे.

तुमच्या जोडीतली मादी हेटरोझायगस आहे. तिने अंड्यात चांगला एम-आरएनए भरून ठेवलेला आहे. भ्रूणाचं स्वतःचं लेखन नीट सुरू होतं ते साधारण ३ तासांनी. तोवर आणि त्यानंतरही काही काळ आईच्या शिदोरीवर चालतं. जलपेशींचा मॉर्फोलिनो स्टार्ट कोडॉनवर बसणारा आहे, म्हणजे तो आईकडून आलेला एम-आरएनएसुद्धा अडवतो. समजा हे जनुक फक्त सुरुवातीच्या तासांत लागतं आणि आईचा पुरवठा ती गरज भागवतो. तर म्यूटंट ठीक दिसेल, मॉर्फोलिनोने सगळेच आजारी पडतील, आणि तुमच्या प्रयोगात दोन्ही ढिगांत १:२:१ मिळेल. तुम्ही म्हणाल विषारी, आणि ते साफ चूक असेल.

जलपेशींचे म्यूटंट अंडी देतात, हे नशीब. दोन्ही प्रती बिघडलेली मादी आणि तसाच नर सोडा. त्या अंड्यांत आईचाही चांगला आरएनए नाही आणि भ्रूणाचाही नाही. आधी न टोचता बघा. त्यातच परिणाम दिसला तर कोडं तिथेच सुटलं, भरपाईची चर्चाच नको. परिणाम नसेल तर त्याच अंड्यांना मॉर्फोलिनो टोचा, शेजारी त्याच दिवशीची सामान्य जोडीची अंडी त्याच सुईने. आता टोचलेले म्यूटंट आजारी पडले तर मॉर्फोलिनो विषारी; म्यूटंट पुरता निकामी असेल तर याला पळवाट नाही.

काचसुई

मातृधन, बरोबर. माझ्या आराखड्याच्या आधी तुमचा आराखडा हवा. फक्त एक: आईने अंड्यात तयार प्रथिन भरलं असेल तर त्याला मॉर्फोलिनोही हात लावत नाही. म्हणून चांगलं अँटीबॉडी असेल तर वेस्टर्न करून प्रथिन खरंच कमी झालं का ते दाखवा. भाषांतर रोखणाऱ्या मॉर्फोलिनोचा दुसरा थेट पुरावा नाहीच.

शब्दवेल्हाळ

जरा अवांतर. नॉकडाउनला मराठीत काय म्हणावं? 'जनुक निष्क्रिय करणे' असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं, ते नॉकआउटला शोभतं.

तिरकीरेघ

'जनुकाचा आवाज उतरवणे' चालेल. नॉकआउट म्हणजे वाद्यच मोडणे. वर्गात शिकवताना हा फरक लगेच कळतो, आणि उतरवलेला आवाज तीन-चार दिवसांत परत चढतो हेही त्याच प्रतिमेत बसतं. पेशी विभागत जातात, नवा आरएनए बनत राहतो, मॉर्फोलिनो मात्र जेवढा टोचला तेवढाच.

मातृधन

'दाबणे' आधीच रुळलेलं आहे, तेच ठेवूया. आता स्प्लायसिंगवर या कोणीतरी.

बलक

स्प्लायसिंग अडवणाऱ्याचा मोठा फायदा म्हणजे अँटीबॉडी नसतानाही परिणाम मोजता येतो. एक्झॉन आणि इन्ट्रॉनच्या सांध्यावर २५ बेस धरायचे. मधल्या एक्झॉनचा सांधा अडवला तर बहुधा तो एक्झॉन गळतो. पहिल्या किंवा शेवटच्या एक्झॉनच्या सांध्याला इन्ट्रॉन आत राहण्याची शक्यता जास्त. गाळायचा एक्झॉन असा निवडा की त्याच्या लांबीला ३ ने भाग जाणार नाही, म्हणजे चौकट मोडते. तिरकीरेघ यांनी म्यूटंटबद्दल सांगितलं तेच इथे उलट बाजूने.

आरटी-पीसीआरचे प्राइमर दोन्ही शेजारच्या एक्झॉनमध्ये. इथे दोन फसगती नेहमी होतात. इन्ट्रॉन लांब असेल तर तो आत राहिलेला तुकडा पीसीआरला वाढवता येत नाही. सामान्य पट्टा फिका पडतो आणि नवा पट्टा दिसतच नाही. त्यासाठी एक प्राइमर इन्ट्रॉनच्या आत घेऊन वेगळी प्रतिक्रिया लावा. पण मग आरएनएत डीएनए राहिला असेल तर तोही तसाच पट्टा देतो, म्हणून डीएनए मोडणारं डीएनेज घालणं, आणि शेजारी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम) न घातलेली नळी, दोन्ही हवंच. दुसरी फसगत म्हणजे लपलेला सांधा. अडवलेल्या जागेजवळ दुसरी स्प्लाइस जागा वापरली जाते, पट्टा जवळपास त्याच उंचीवर येतो आणि मॉर्फोलिनो निकामी आहे असं वाटतं. पट्टा कापून सिक्वेन्स करा.

२४, ४८ आणि ७२ तास, तिन्ही वेळा मोजा. ज्या दिवशी परिणाम बघता त्या दिवशी सामान्य आरएनए किती उरलाय, हा आकडा द्यायलाच हवा. आणि आईच्या आरएनएचं स्प्लायसिंग आधीच झालेलं असतं, त्याला हा मॉर्फोलिनो शिवत नाही. यातून जलपेशींना एक आयती तुलना मिळते: भाषांतर रोखणारा परिणाम देतो आणि स्प्लायसिंग अडवणारा देत नाही, असं झालं तर मातृधन म्हणतात ती आईच्या शिदोरीची शक्यता बळावते.

उलटतपासणी

बळावते, सिद्ध होत नाही. पहिला विषारी आणि दुसरा सौम्य असला तरी हेच दिसेल.

बलक

मान्य.

नवशिकी

माझा प्रश्न फार साधा आहे. तोच मॉर्फोलिनो, तीच मात्रा, आणि दोन महिन्यांनी परिणाम निम्माच येतो. कशाने होत असेल?

काचसुई

नवशिकी, प्रश्न साधा असला तरी त्याने अनेक प्रयोग वाया जातात. साठवण तपासा. १ मिलीमोलर साठा स्वच्छ निर्जंतुक पाण्यात करा. डीईपीसी घातलेलं पाणी वापरू नका, ते मॉर्फोलिनो बिघडवू शकतं. कुपी घट्ट बंद करून खोलीच्या तापमानाला ठेवा. वारंवार गोठवलं की तो खाली बसतो किंवा नळीच्या भिंतीला चिकटतो, आणि वरचं पातळ द्रावण तुम्ही सुईत भरता. वापरण्याआधी ६५ अंशांवर १० मिनिटं, मग हलवून फिरवून घ्या. तरीही शंका असेल तर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात पातळ करून २६५ नॅनोमीटरला शोषण मोजा. नेहमीचं २६० चं आरएनएचं गणित इथे लागू नाही. उलटही घडतं, झाकण सैल असेल तर पाणी उडून साठा दाट होतो आणि परिणाम अचानक वाढतो.

फिनॉल रेड ०.०५ टक्के पुरे. थेंब गेला की नाही ते कळण्यासाठीच आहे तो.

मॉर्फोलिनो बलकात टोचला तरी चालतो, पेशीत वाहत जातो, पण ४ पेशींच्या आत उरका. पहिलं विभाजन ४५ मिनिटांनी, नंतर दर १५ मिनिटांनी, तेव्हा अंडी गोळा केल्यापासून हातात तास-सव्वा तासच असतो. ८ पेशींनंतर टोचलेले भ्रूण वेगळे काढा, ते आकडेवारीत धरू नका.

तिरकीरेघ

नवशिकींसाठी अजून एक. माशांचा वाण बदललाय का? एबी, टीयू, डब्ल्यूआयके यांच्यात एकेका बेसचे फरक भरपूर आहेत. मॉर्फोलिनोच्या जागेतच दोन-तीन बेस वेगळे असले तर पकड ढिली होते. मागवण्याआधी स्वतःच्या टाकीतल्या माशांचा तो तुकडा सिक्वेन्स करून घ्या. आणि क्रम निवडताना सलग चार जी टाळा, एकूण जी ३६ टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर विरघळायलाच त्रास होतो.

तीनकात्र्या

जलपेशींच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणीच हात लावलेला नाही. क्रिस्पंटचं गणित मांडतो.

एका गाइडने (कॅस९ या कात्रीला जागा दाखवणारा आरएनए) कापलं आणि दुरुस्तीत चूक झाली तर तीनातल्या एका वेळी चौकट शाबूत राहते. दोन्ही प्रती मोडण्याची शक्यता दोन तृतीयांशचा वर्ग, म्हणजे फक्त ४४ टक्के. दोन गाइड दिले तर ७९. तीन दिले तर ९३ टक्क्यांच्या जवळ. चारला साडेसत्त्याण्णव. अर्थात प्रत्येक जागा नक्की कापली जाते असं धरून. म्हणूनच क्रोल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तीन गाइडची पद्धत मांडली. चौथ्याने फायदा थोडा, कापाकापीचा ताण मात्र वाढतो.

कृती: प्रत्येक गाइड वेगळ्या नळीत कॅस९ प्रथिनाशी समप्रमाणात, मोलच्या हिशोबाने, ३७ अंशांवर ५ मिनिटं. मग तिन्ही समान मिसळायचे. १ नॅनोलिटरमध्ये तिन्ही मिळून २८.५ फेम्टोमोल, म्हणजे सुमारे १,००० पिकोग्रॅम गाइड आणि ४,७०० पिकोग्रॅम कॅस९. एकपेशी टप्प्यातच टोचा. पोटॅशियम क्लोराइड ३०० मिलीमोलरच्या आसपास असेल तर प्रथिन विरघळलेलं राहतं, कमी असेल तर सुई तुंबते. स्वतःचा हात तपासायचा तर टायरोसिनेज (काळा रंग बनवणारं) जनुकाचे गाइड टोचा. दोन दिवसांनी डोळे पांढरे दिसायला हवेत. डोळ्यात काळे ठिपके राहिले तर तुमची पद्धत अजून बसलेली नाही, अनोळखी जनुकाकडे वळू नका. कंट्रोलला तेवढेच आरएनपी (गाइड आणि कॅस९ यांची जोडी), पण जीनोममध्ये लक्ष्य नसलेल्या किंवा निरुपद्रवी जागा कापणाऱ्या गाइडचे. न टोचलेली भावंडं हा कंट्रोल पुरेसा नाही.

आठवड्याभरात उत्तर मिळतं. मला तर यानंतर मॉर्फोलिनोची गरज दिसत नाही.

मातृधन

तीनकात्र्या, आईचा आरएनए तुमच्या कात्र्यांना दिसत नाही. पहिल्या काही तासांतल्या प्रश्नाला क्रिस्पंट उत्तर देऊच शकत नाही. आणि तुमच्याही क्रिस्पंटमध्ये अकाली स्टॉप असलेले आरएनए बनतातच, म्हणजे भरपाईचा प्रश्न जिथल्या तिथे.

तीनकात्र्या

पहिला मुद्दा मान्य. दुसऱ्यावर: तीन जागी कापल्यावर मधले मोठे तुकडेही उडतात, त्यामुळे प्रत्येक पेशीत वेगळा आरएनए. भरपाई कमी होईल की नाही हे जनुकागणिक तपासावं लागेल, तेवढंच म्हणतो. मात्र प्रमोटरच्या दोन्ही बाजूंना गाइड देऊन पहिल्याच पिढीत तो उडवता येतो. उलटतपासणी यांचा आरएनए नसलेला म्यूटंट बनेपर्यंत थांबायला नको.

बलक

आईच्या आरएनएसाठी कॅस१३डी आहे की. २०२० मध्ये कुशावाह आणि सहकाऱ्यांनी झेब्राफिशमध्ये दाखवलं. कॅस१३डी चा एम-आरएनए आणि गाइड एकपेशी टप्प्यात टोचले की आरएनए कापला जातो, आईचा असो की भ्रूणाचा. पडताळणीला नो टेल जनुक, म्हणजे टीबीएक्सटीए, उत्तम: २४ तासांत नोटोकॉर्ड (भ्रूणाच्या पाठीतला आधाराचा दांडा) गायब आणि शेपूट आखूड. आरएनए मोडल्यामुळे क्यूपीसीआरने थेट मोजता येतं, भाषांतर रोखणाऱ्या मॉर्फोलिनोत ही सोय नाही. काळजी एकच, कॅस१३ जवळचे भलते आरएनएही कापू शकतं. वाढ मंदावलेली दिसली तर एकूण आरएनए जेलवर पळवून रायबोसोमचे पट्टे शाबूत आहेत का बघा.

एकपेशी

आणि एसआयआरएनए, म्हणजे जनुक दाबणारा छोटा दुहेरी आरएनए?

बलक

झेब्राफिश भ्रूणात भरवशाचं नाही. दुहेरी आरएनए टोचला की सरसकट बिघाड होतो. त्यात वेळ घालवू नका.

उलटतपासणी

रेस्क्यूबद्दल कोणी लिहिलं नाही. मॉर्फोलिनोची जागा नसलेला एम-आरएनए सोबत देऊन परिणाम परत फिरवणे. स्टार्ट कोडॉनच्या मॉर्फोलिनोसाठी कोडॉनच्या आधीचा, भाषांतर न होणारा भाग काढून टाका आणि उरलेल्या जागेत अमिनो आम्ल न बदलता किमान ५ बेस बदला. नाहीतर मॉर्फोलिनो टोचलेल्या आरएनएलाच चिकटून संपतो, आणि सुटका झाली असं वाटतं. मॉर्फोलिनो आणि आरएनए वेगवेगळ्या सुयांनी द्या, तेवढ्यासाठीच. २५ पिकोग्रॅमपासून चढवत जा, आणि आरएनए एकटा दिल्यावर काय होतं ते आधी पाहा. ४८ तासांनंतरच्या परिणामांना टोचलेला आरएनए पुरत नाही, तोवर तो संपलेला असतो.

जलपेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर मिळालं, आणि माझा प्रश्न कुठे कच्चा होता तेही कळलं. 'मॉर्फोलिनो की म्यूटंट' असं विचारताना आई मोजायचीच राहिली होती.

म्हणून क्रम असा धरतो. म्यूटंटच्या आरएनएवर पहिल्या ते चौथ्या एक्झॉनची पीसीआर, कारण ती दोन दिवसांत होते. त्याच आठवड्यात म्यूटंट मादी आणि म्यूटंट नर, आधी न टोचता. तोवर मात्रेची उतरंड आणि डेल्टा११३. मग त्याच अंड्यांना मॉर्फोलिनो. प्रमोटर उडवणं यानंतरच, गरज पडली तर. काही सुटलं का?

मातृधन

म्यूटंट मादीची अंडी आणि सामान्य मादीची अंडी एकाच तासात मिळतील असं बघा. रात्री नर-मादीमध्ये पडदा घाला आणि सकाळी दोन्ही टाक्यांचे पडदे एकदमच काढा. नाहीतर एक खेप एकपेशी आणि दुसरी ८ पेशींवर, अशा अंड्यांना टोचाल.

उलटतपासणी

आणि डिशवर फक्त क्रमांक लिहा. टोचणाऱ्याने मोजू नये, मोजणाऱ्याला कोणत्या डिशमध्ये काय ते ठाऊक नसावं. हृदयाभोवती 'थोडं पाणी' आहे की नाही, हे आपल्याला काय हवंय त्यावर ठरतं. ढीग करण्याआधीच प्रत्येक प्रकारचा एकेक फोटो ठरवून भिंतीवर लावा, आणि न टोचलेल्या भावंडांत दहातले एकापेक्षा जास्त मेले असतील तर ती अख्खी खेप मोजू नका.